रस्सीवर टांगलेली माणसं

पळस पेटला की माझे हात शिवशिवायला लागतात. घाटंजीच्या वाटेवर सध्या दोन्ही बाजूंना तेच चाललंय. पान नाही, सावली नाही, नुसता लाल भडका. शहराकडची मंडळी गाडी थांबवतात, त्या झाडांपुढं उभं राहून स्वतःचे फोटो काढतात आणि किती शांत वाटतं म्हणतात. मला पळसात शांतता कधी सापडली नाही. ते फूल जवळून पाहा. वाकडं, टोकदार, ओरबाडायला उगारलेल्या नखासारखं. मी स्वतः भांडकुदळ बाई आहे, त्यामुळं मला ते घरचंच वाटतं.

फाल्गुन आमच्याकडं मारामारीचाच महिना. हरभरा काठीनं बडवतात, तूर बडवतात, चिंचा झोडपून पाडतात. कापूस संपलेल्या पऱ्हाट्या मुळासकट उपटून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, फेकतात. ऊन अजून वयात आलेलं नसतं, पण हात उगारायला शिकलेलं असतं. होळीपुढं पोट्टे तोंडावर हात मारून बोंबलतात आणि वर्षभर ज्याला शिवी द्यायची राहून गेली त्याला ती देऊन टाकतात. घराघरांत भांडीसुद्धा या दिवसांत जरा जास्तच आपटतात. मला हा महिना आवडतो. एरवी माणसं राग पोटात ठेवून गोड बोलतात, या महिन्यात निदान जे आहे ते तोंडावर असतं.

आणि आमच्याकडं फोटो काढत नाहीत, मारतात. 'बाई, माह्या एक फोटो मारा ना.' बाबांच्या स्टुडिओत लहानपणी हे इतकं ऐकलं की कॅमेऱ्याचं बटण दाबताना समोरच्याला लागत असेल असं मला खरोखर वाटायचं. मुळात आपली भाषाच हाताची जड. गप्पा मारायच्या, हाक मारायची, फेरफटका मारायचा, डुबकी मारायची. कोणाला प्रेमानं जवळ घ्यायचं म्हटलं तरी मिठी मारायची. आता हे सगळं शब्दांचं खेळणं वाटेल, पण एका शिमग्यात या मारण्याच्या सगळ्या जाती मी एकाच मोहाच्या झाडाखाली पाहिल्या. पळस फुलला की तो शिमगा परत येतो. त्याला बोलवावं लागत नाही.

बाबांनंतर स्टुडिओ मीच चालवते. पासपोर्टचे फोटो मोबाइलनं खाल्ले, लग्नाचे ड्रोनवाल्यांनी. रिकामी बसले की मी चिडते, आणि चिडले की काहीतरी खूळ काढते. एका बाजाराच्या दिवशी स्टुडिओतला निळा पडदा काढला आणि कांदेवाल्यांच्या ओळीच्या टोकाला लिंबाच्या झाडाला नेऊन बांधला. समोर एक स्टूल ठेवलं. बॅटरीवर चालणारा छोटा प्रिंटर आणला. येईल त्याला बसवायचं, चेहरा टिपायचा, तिथंच छापायचा. पैसे घ्यायचे नाहीत. अट मात्र एक. छापलेला फोटो ज्याचा त्याला मिळणार नाही. तो मी दोन झाडांमध्ये बांधलेल्या रस्सीवर कपड्याच्या चिमट्यानं टांगणार, मागं नाव आणि गाव लिहिणार. दुसऱ्या कोणी तो चेहरा ओळखला, किंवा कोणी त्या बाजूला निघालं असलं, तर त्यानं तो काढायचा आणि नेऊन घरी पोचवायचा.

लोकांनी मला वेड्यात काढलं.

"माह्यंच थोबाड, अन् मलेच नाई?" एक तंबाखूवाला म्हणाला.

"तुह्यं थोबाड तू रोज आरशात पाह्यतं न. आता दुसऱ्याले पाहू दे."

"अन् कोनी नेलंच नाई तं?"

"मंग राह्य लटकून. कोनालेच तू लागत नाईस हे तं समजंल."

तो गेला खरा, पण जाताना स्टुलावर बसून गेला. आणि पुढच्या बाजारी रस्सीकडं असा येऊन गेला की जणू सहजच आलाय. त्याचा फोटो गेला होता. कोणी नेला ते मी सांगितलं नाही. सांगायचं नसतंच. स्वतःचा फोटो हातात आला की माणूस तो खिशात घालून मोकळा होतो. दुसऱ्याचा हातात आला की त्याला वाट वाकडी करावी लागते, दार वाजवावं लागतं, घोटभर पाणी प्यावं लागतं. मला एवढंच हवं होतं. या जिल्ह्यात माणसं एकमेकांच्या दारात मयतीला आणि भांडायलाच जातात, तिसरं काही कारण असावं म्हणून ही रस्सी.

हसवायचं कसं, हे बाबांनी मला शिकवलं नाही. ते 'हसा' म्हणायचे. हसा म्हटलं की माणूस दातांच्या डॉक्टरपुढं बसल्यासारखा तोंड उघडतो. मी भांडण उकरते. एवढी मिशी कोनाले भेव दाखवाले वाढवली? नवऱ्यानं लुगडं आनलं का तूच आनलं? सासू कुठी बसवून आलीस? माणूस आधी चमकतो, मग चिडतो, आणि चिडता चिडता त्याच्या लक्षात येतं की ही बाई आपली ओळख नसताना आपल्याशी घरच्यासारखी भांडतेय. त्या क्षणी जे हसू फुटतं ते खरं असतं. तेच मी मारते.

एका म्हाताऱ्याला मी असंच डिवचून हसवलं. वखर दुरुस्त करायला आला होता. त्याचा फोटो एका पापडवालीनं ओळखला आणि मुकुटबनला दिलेल्या त्याच्या लेकीकडं नेऊन दिला. पुढच्याच बाजारी ती लेक माझ्यापुढं उभी. पदर खोचलेला, डोळे लाल.

"तूच का थे फोटोवाली? माह्या बाप तुह्यापुढं हसला?"

"हसला तं."

"मी त्याच्या घरात वाढलो. जलमात मले हसून दाखवलं नाई त्यानं. तुले काहून दाखवलं?"

मला वाटलं आता ही माझ्या झिंज्या उपटते. पण ती वळली आणि तडक बापाच्या गावाच्या दिशेनं निघाली, त्याच्याशी भांडायला. कित्येक वर्षं ती माहेरी गेली नव्हती. भांडण जोरात झालं म्हणे. शेजाऱ्यांनी दारं लावून घेतली. संध्याकाळी ती तिथंच भाकरी थापत बसली होती. रस्सीचं काम असंच आडदांड होतं आणि मला त्याचा फार गर्व होता.

घाटंजीपासून थोडं आत बंजाऱ्यांचा एक तांडा आहे. यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ नि धान्य लादून देशभर फिरायचे, आता ही माणसं कापूस आणि तूर पेरतात. तिथं मी दर धुळवडीला जाते. त्या दिवशी तांड्यात बाया गड्यांना मारतात. ज्या घरी वर्षात पोरगा झाला त्या घरापुढं खुंट रोवायचा, गोड पुऱ्यांचं पातेलं त्याला दोरांनी आवळून बांधायचं. गड्यांनी ते पळवायचं आणि बायांनी दांडे घेऊन राखायचं. दांडे खोटे नसतात आणि टोलेही खोटे नसतात. गड्यानं चुकवावं, पळावं, लोळावं, पण उलट हात उगारायचा नाही आणि मनात राग धरायचा नाही. दांडा धरलेल्या बाईच्या आड तिसऱ्यानं यायचं नाही, हेही ठरलेलंच. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कॅमेरा पिशवीत घालून निघून गेले होते. आता मला त्या अंगणात उभं राहायला आवडतं. चेहऱ्यांचं काम करणाऱ्या माणसाला तिथं जे मिळतं ते कुठल्या स्टुडिओत मिळणार? आपल्यावर जीव असलेल्या माणसाचा टोला बसल्यावर पुढच्या घटकेला चेहरा जितका उघडा असतो, तितका तो झोपेतही नसतो.

त्या तांड्यात जमुना आणि हिरामण हे जोडपं राहतं. जमुना चाळिशीची, उंच, मनगटं जाड. हिरामण तिच्या खांद्याला लागेल एवढा, गप्प, तापट. कपाळावर एक आठी कायमची. ती आठी घेऊनच तो जन्माला आला असं तांड्यातले म्हणतात. त्या धुळवडीला तो पातेल्याखाली शिरला आणि जमुनाच्या दांड्याचा असा फटका पाठीत बसला की त्याची पगडी उडून पडली आणि तो स्वतः पुऱ्यांवर पालथा. उठला तेव्हा तोंडाला पळसाचा रंग, मिशीला पाक, आणि तो हसत होता. डोळे मिटून, तोंड आऽ वासून, पोट धरून. जमुना दांडा टेकवून त्याच्याकडं बघत उभी. "आता तरी हसला माय," ती म्हणाली. मी फोटो मारला.

पुढच्या बाजारी तो फोटो रस्सीवर लागला. शेजारीच प्रभाकरचा होता. प्रभाकर म्हणजे तांड्यालगतच्या गावातला कुणबी शेतकरी. त्याचं आणि हिरामणचं शेत धुऱ्याला धुरा लागून. तो माझ्या स्टुलावर बसला तेव्हा शेजाऱ्याच्या तापटपणाचीच गंमत सांगत होता. दोघांचे फोटो वाऱ्यानं एकमेकांवर आपटत होते, त्याचीही कोणीतरी चेष्टा केली.

त्याच आठवड्यात हिरामणचा बैल सुटून प्रभाकरच्या हरभऱ्यात शिरला. काढणीला आलेला हरभरा. प्रभाकरनं बैल धरला, बाभळीला बांधला आणि बैलगाडीची उभारी, कडेचा जाड दांडका, काढून त्याला झोडपत सुटला. बैलाच्या मांडीतून रक्त गळायला लागलं तरी थांबेना. हिरामण धावत आला, त्यानं तीच उभारी हिसकली आणि प्रभाकरच्या गळ्याखालच्या हाडावर घातली. हाड मोडल्याचा आवाज पलीकडच्या शेतातल्या बायांनी ऐकला. कोणाचं चुकलं म्हणून मला आजही विचारतात. बैलाला मारणारा प्रभाकर मला डोळ्यांपुढं उभा करवत नाही आणि उभारी खाली आणणारा हिरामणही. दोघं फोटोत चांगले दिसतात, एवढंच मी सांगू शकते.

गाव आणि तांडा दोन्ही पेटले. गावानं पिठाच्या चक्कीवर तांड्याचे डबे घेणं बंद केलं. तांड्यानं गावच्या गाड्यांची वाट पऱ्हाट्या टाकून अडवली. पोलिसांत दोन्हीकडून तक्रारी गेल्या. खाटेवर पडलेला प्रभाकर मात्र म्हणत होता, आता बस करा, कायद्याचं कायदा पाहील.

त्याचा धाकटा भाऊ मंगेश बस करणाऱ्यातला नव्हता. तो वणीला कोळशाचा ट्रक चालवतो. वयात आला तसा गावाबाहेरच. निरोप पोचला आणि तो दोन सोबती घेऊन जीपनं आला. पण हिरामण हे नाव तेवढं त्याला कळलं होतं. तो कोण, दिसतो कसा, हे माहीत नव्हतं, आणि भाऊ काही केल्या सांगेना. गावातले जाणते लोकही गप्प बसले. सांगितलं की खून होतो, हे त्यांना कळत होतं.

बाजारचा दिवस होता. मी एका नवरीमुलीला स्टुलावर बसवून चिडवत होते. रस्सीकडं पाहिलं तर एक दणकट माणूस एकेक फोटो उलटा करून मागची अक्षरं वाचतोय. शर्टाच्या कॉलरला कोळशाची काळी रेघ. त्यानं एक फोटो काढला.

"हा मी पोचवतो, बाई."

"पोचवा. कुठले तुमी?"

"इथलाच," तो म्हणाला आणि जीपकडं गेला.

कांदेवाली माझ्याकडं बघत होती. "कोन व्हता माहीत हाये का? परभाकरचा भाऊ. जीपीत सळया हायेत, माह्या पोराले दिसल्या."

मी रस्सीवर पाहिलं. हिरामणच्या जागी रिकामा चिमटा हलत होता.

नवरीमुलगी स्टुलावर तशीच राहिली. मी स्कुटी काढली. जीप डांबरी रस्त्यानं फेरा घेऊन जाणार, मी नाल्यातून बैलवाटेनं घातली. ऊन डोक्यावर. दगड टायरखालून उडून नडग्यांवर बसत होते, बाभळीच्या काट्यानं दंड फाटला, आणि मी वाटभर शिव्या देत होते. मंगेशला, हिरामणला, बैलाला, स्वतःच्या रस्सीला. माणसांनी एकमेकांच्या दारात जावं म्हणून बांधलेली ती रस्सी, आणि आता तिघंजण सळया घेऊन बरोबर तेच करायला निघाले होते. अट तर माझीच होती. ज्याचा फोटो त्याच्या घरी नेऊन पोचवायचा.

तांड्याच्या तोंडाशी मोहाचं झाड आहे. मी आणि जीप एकदमच पोचलो म्हणायला हरकत नाही. झाडाखाली हिरामण बैलासाठी दोर वळत बसला होता. एकटा. डोक्याला पगडी, कपाळावर ती आठी, तोंड लिंबाचा पाला चावल्यासारखं. बाजूला तो बैल, मांडीला हळद लावलेली. मंगेश खाली उतरला. त्याचे सोबती मागं, हात पाठीशी. मंगेशनं फोटो हिरामणच्याच नाकापुढं धरला.

"ओ भाऊ, हा मानूस कुठी राह्यते?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. मी हाक मारली असती तर नावानंच ओळख पटली असती. जन्मात पहिल्यांदा मला गप्प राहण्याची अक्कल सुचली. मंगेशला त्या कडवट चेहऱ्यात फोटोतला माणूस दिसत नव्हता. दिसणार कसा? फोटोत डोळे मिटलेले, तोंड वासलेलं, गालांवर रंग. हिरामणनं 'माहीत नाई' म्हणावं आणि दोर वळत राहावं, एवढंच हवं होतं. मी मनात त्याला ओरडून सांगत होते, नाई म्हण, नाई म्हण बावा.

हिरामणनं फोटो हातात घेतला. त्यानं तो आधी पाहिलेला नव्हता. पाहणार तरी कुठून, ज्याचा त्याला देतच नव्हते मी. तो बघत राहिला. मिशीला पाक, उघडं टक्कल, तोंडाची गुहा. त्याला स्वतःचं ते सोंग दिसलं, आणि बहुतेक तो पाठीतला फटकाही आठवला असावा, कारण त्याच्या पोटातून काहीतरी वर आलं आणि त्याला हसू फुटलं. डोळे मिटून, तोंड आऽ वासून. एक क्षणभर आठी गेली. आणि मंगेशपुढं फोटोतला माणूस जसाच्या तसा येऊन बसला.

मंगेशच्या चेहऱ्यावर ओळख पटली ते मी पाहिलं. इतकी वर्षं मी चेहरे बघतेय, इतका भयानक चेहरा मी कधी पाहिला नाही. मागच्या सोबत्यानं सळई पुढं दिली. मंगेशनं ती घेतली आणि उचलली.

जमुना कुठून आली ते मला दिसलंच नाही. तिच्या हातात धुळवडीचा दांडा होता. ती मंगेशच्या आणि नवऱ्याच्या मधे घुसली, मंगेशकडं पाठ केली आणि तो दांडा हिरामणच्या पाठीत घातला.

"बैल मोकळा सोडतं! दुसऱ्याचं हाड मोडतं!"

दुसरा टोला दंडावर बसला. हिरामणचं हसू तोंडावरच थिजलं. त्यानं हात वर केला नाही. धुळवडीला नाही करायचा तसा आताही केला नाही, फक्त बायकोकडं बघत राहिला. तिसरा टोला तिनं दोन्ही हातांनी आणला, वरून खाली, गळ्याखालच्या हाडावर. तो आवाज मी ऐकला. सुकलेली पऱ्हाटी गुडघ्यावर मोडावी तसा. हिरामण दोरावर आडवा झाला आणि गुरासारखा ओरडला. तांड्यातली माणसं धावत आली आणि थबकली. दांडा जमुनाच्या हातात होता, आड कोणी जाईना.

तिनं दांडा पुन्हा उचलला. मंगेशची सळई अजून वरच होती. ती त्यानं टाकली आणि दोन्ही हातांनी जमुनाचा दांडा धरला.

"बस, वयनी. मरन तो."

"मरू दे न. तू कायले आलता? पानी प्याले?"

"बस म्हनतो न. सोड."

"तूच सोड. धरू नको मधात. माह्या नवरा हाये, मी हाणतो. तुले कायचा तरास?"

दोघंही सोडेनात. तो तरणाताठा ट्रकवाला आणि ती, एका दांड्याला धरून, गरगर फिरल्यासारखे एकमेकांना रेटत होते. ती रडत नव्हती. तोच आधी रडायला लागला. दांडा सोडला नाही, पण खाली बसला, आणि दांड्याबरोबर तीही बसली. मंगेश म्हणत होता की दादाचंही हेच हाड मोडलं, हेच. तिनं त्याला सांगितलं की मले माहीत हाये.

मग सगळ्यांना एकदम शहाणपण आलं. हिरामणला उचलून जीपमध्ये घातलं. सळयांवरच घोंगडी टाकून त्याला निजवला आणि घाटंजीच्या दवाखान्यात आणला. मंगेशनं गाडी इतकी जपून चालवली की जमुना त्याच्यावर खेकसली, आता कायले बैलगाडी करून राह्यला. माझ्या गळ्यात कॅमेरा होता. त्या दुपारी मी बटणाला बोट लावलं नाही. नंतर पुष्कळांनी विचारलं, फोटो मारला का, त्या टोल्याचा मारला का. अशांना मी दुकानातून बाहेर काढते.

त्यानंतर लोक म्हणाले, बाई, रस्सी सोडा, तुमच्या रस्सीनं माणूस मेला असता. मी म्हटलं, उभारी कोणाची होती ते आधी विचारा. दोन बाजार मी ती बांधली नाही खरी. घरी बसून भांडी आपटली. मग पुन्हा बांधली. अट तीच ठेवली. भीतीनं अट बदलली असती तर पुढच्या वेळी मंगेशसारख्याला फोटो मिळाला नसता, हे खरं. पण मुकुटबनची लेकही बापाच्या दारात गेली नसती. माणसाला माणसाकडं पाठवायचं म्हटलं की तो हातात काय घेऊन जाईल हे आपण ठरवू शकत नाही. रागावले की मला हे पटतं, आणि मी बहुतेक वेळ रागावलेलीच असते.

प्रभाकर आणि हिरामण आजही एकमेकांशी बोलत नाहीत. कोणी म्हणेल हाडाला हाड लागलं, फिटलं, आता गळ्यात गळे घालतील. तसं काही झालं नाही. पण चक्की सुरू झाली, वाट मोकळी झाली, आणि धुऱ्यावर दोघांनी मिळून काट्याचं कुंपण केलं, तेही न बोलता. मंगेश सुटीवर आला की रस्सीजवळ येतो. वणीकडचे फोटो तोच काढून नेतो. खाणीच्या वसाहतीत, ढाब्यावर, जिथला असेल तिथं देतो. माझ्याशी फार बोलत नाही. मी त्याला स्टुलावर बस म्हटलं तर नको म्हणतो, आणि मीही भांडून पाहत नाही. त्याचा चेहरा मी एकदा पाहिलाय, तेवढं पुरे.

यंदाच्या धुळवडीला मी तांड्यात गेले होते. दांडे चालले होते, पगड्या उडत होत्या, रंगानं माती लाल झालेली. हिरामण कडेला बसून होता. त्याचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. रंगानं भिजलेला सदरा काढून जमुना त्याला कोरडा घालत होती. आधी दुखऱ्या हाताची बाही, मग डोकं, मग दुसरी. तिला ते इतकं सरावाचं होतं की बोलणं थांबत नव्हतं.

माझ्या मनात जे एवढी वर्षं होतं ते मी शेवटी विचारलं. "जमुना, थोड्या हलक्या हातानं मारलं असतं तं चाललं नसतं का?"

"हलकं मारलं असतं तं त्या सळईवाल्यायले खरं वाटलं नसतं. मंग त्यायनं मारलं असतं."

तिनं गुंड्या लावल्या. वरची गुंडी लावताना तिचं बोट त्या उंचवट्यावर गेलं, जिथं हाड वाकडं जुळलंय, आणि तिथंच थांबलं. हिरामण खाली बघत होता.

"पयले दोन त्यायच्यासाठी मारले, बाई," ती म्हणाली. "तिसऱ्याच्या वक्ताले मले तो मेलेलाच दिसला. तिसरा माह्या भेवाचा व्हता. त्यानंच हाड मोडलं."